दुधाच्या वाफेच्या थापा

परवा एका मैत्रिणीकडे गेले होते. बाईसाहेब नुकत्याच सिंगापूरहून परतलेल्या, त्यामुळे ओट्यावर चॉकलेटं, कसले कसले सॉस आणि त्यांच्या मधोमध एक देखणा पत्र्याचा डबा. डब्यावर धुक्यातले डोंगर. खाली बारीक अक्षरात चार ओळींची गोष्ट: या चहाची कोवळी पानं दुधाच्या वाफेवर धरतात, म्हणून त्याला नैसर्गिक दुधाळ चव येते. नाव अर्थातच 'मिल्क ऊलाँग'. झाकण उघडल्याबरोबर पार बैठकीच्या खोलीपर्यंत कस्टर्डचा वास गेला. "बघ, काय वास आहे!" ती म्हणाली. मी गप्प बसले.

बसायला नको होतं. घरी येईपर्यंत रिक्षात अख्खं भाषण तयार झालं, ते आता तुमच्या माथी मारते. (बयो, तू हे वाचत असशील तर राग मानू नकोस. भजी फक्कड होती.)

मुद्दा आधीच सांगते. चहाची पानं दुधाच्या वाफेवर धरल्याने हा वास येत नाही. झाडाच्या मुळाशी दूध ओतून तर नाहीच नाही. (हीसुद्धा एक आवृत्ती आहे, आणि मोठमोठ्या दुकानांतली माणसं ती सरळ चेहऱ्याने सांगतात. हापूसच्या आळ्यात साखर टाकून आंबा गोड झालेला कुणी पाहिलाय का?) त्या डब्यातला वास प्रयोगशाळेत तयार होतो आणि तयार चहावर फवारला जातो. दुधाची आठवण करून देणारा खराखुरा चहा जगात आहे. त्याचं नाव जिन श्वेन, तो तैवानचा आहे, आणि या फवाऱ्याने त्याची जी नाचक्की चालवली आहे तिच्याविरुद्ध आजचं हे लिखाण. निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही.

आता मला एवढा पुळका का, ते सांगायला हवं. त्यात माझाही गुन्हा आहे.

२०१५ ते २०१९ अशी चार वर्षं मी तैवानमध्ये शिन्चू गावात नोकरीला होते. चिपा बनवणाऱ्यांचं गाव ते, बटाट्याच्या नव्हेत. २०१६ च्या पावसाळ्यात इकडे पुण्यात बाबांचं पोट बिघडलं, ते दोन महिने आटोक्यात येईना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, दूध पूर्ण बंद. आता आमच्या बाबांना ओळखणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवसाला पाच कप. सकाळचा आईच्या हातचा, आणि संध्याकाळी फिरून येताना अमृततुल्यमधला, मित्रांबरोबर, उभ्याने. त्या संध्याकाळच्या कपासाठीच ते फिरायला जात असत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोरा चहा त्यांनी एकदा तोंडात घेतला आणि "हा काढा कोणाला झालाय?" म्हणून ठेवून दिला. मग हळूहळू फिरायला जाणंच बंद झालं. फोनवर आई म्हणायची, "पाच वाजले की गॅलरीत जाऊन उभे राहतात नुसते."

त्या दिवाळीला येताना मी तैपेईत पर्यटकांच्या गल्लीतल्या एका दुकानातून मिल्क ऊलाँगचे नऊ डबे घेतले. एक बाबांना, बाकीचे तुम्हा सर्वांना. हो, तेच ते निळे डबे. त्यावरही हीच दुधाच्या वाफेची गोष्ट होती. मी दुकानातल्या मुलीला विचारलंसुद्धा, दूध आहे का यात? ती म्हणाली, छे, सगळं नैसर्गिक. म्हणजे डबा म्हणत होता दूध आहे, मुलगी म्हणत होती नाही, आणि चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेल्या मला यातलं काहीतरी एकच खरं असू शकतं हेही सुचलं नाही. बाबांनी मात्र चष्मा लावून डबा वाचला. "दुधाची वाफ" म्हणाले, आणि डबा फडताळात. ज्या माणसासाठी आणला त्यानेच पंधरा दिवस त्याला हात लावला नाही, तो एका खोट्या वाक्यामुळे. मी शपथेवर सांगितल्यावर एकदाचा उघडला. वास घेतला, आणि चेहरा असा उजळला की विचारू नका. "अगं, हा तर पेढ्याच्या खोक्याचा वास!"

पहिला कप झकास. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी घातलं तर वास निम्मा. तिसऱ्यांदा घातल्यावर कपात काय होतं, तर गवताचं पाणी.

मला तेव्हाही कळलं नाही. कळलं ते २०१७ च्या वसंतात, मिंगज्यानला गेल्यावर. नानतोउ जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर हे पठार आहे. डोंगर-धुकं असलं काही नाही. सपाट शेतं, मध्ये आल्याचे आणि अननसाचे तुकडे, आणि चहाच्या सरळ ओळी, यंत्राने कापलेल्या, गाडीच्या काचेतून बघताना हिरवी कॉर्डरॉय वाटावी अशा. तैवानच्या चहातला मोठा वाटा या असल्या अनाकर्षक जमिनीतून येतो. ऑफिसातल्या एकीचे मामा तिथे चहा करतात. त्यांच्या अंगणात बसून मी मोठ्या हौसेने माझ्या निळ्या डब्याची गोष्ट सांगितली. मामांनी ऐकून घेतली, उठले, आणि आपल्या जिन श्वेनची मूठभर पानं माझ्या तळहातावर ठेवली. "घे वास."

मी घेतला. आणि म्हणाले, "याला दुधाचा वास कमी आहे."

मंडळी, तो माणूस हसला, पण ते हसणं मी विसरलेले नाही. भाची म्हणाली, येणारे निम्मे पाहुणे हेच म्हणतात. खरा माल हातावर ठेवला की म्हणतात यात दूध कमी.

त्या दिवशी तिथे जे पाहिलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण वाफेच्या गोष्टीपेक्षा ते कितीतरी सुरस आहे. तोडलेली पानं आधी उन्हात पसरतात, मग आत सावलीत. मग रात्रभर, थोड्या थोड्या वेळाने ती हलवायची, पाखडल्यासारखी. कडा जरा जरा ठेचकाळतात आणि तिथून हवेशी त्यांची क्रिया सुरू होते. संध्याकाळी त्या खोलीत कापलेल्या गवताचा वास होता. मध्यरात्रीनंतर तो फुलांकडे झुकला. नेमकं कधी थांबायचं ते मामा नाकाने ठरवतात. थांबायचं म्हणजे पानं गरम फिरत्या पिंपात घालून क्रिया मारून टाकायची. पूर्ण होऊ दिली असती तर आपला नेहमीचा काळा चहा झाला असता, आधीच मारली असती तर हिरवा. ऊलाँग या दोघांच्या मधला, आणि जिन श्वेन बहुधा हिरव्याच्या अंगाने ठेवतात. पुढचं तर मला घरचंच वाटलं. श्रीखंडासाठी आपण चक्का बांधतो तशी पानांची कापडात घट्ट पुरचुंडी बांधतात, ती यंत्राखाली मळतात, सोडतात, पानं मोकळी करतात, थोडी गरम करतात, पुन्हा बांधतात. हे कितीतरी वेळा. शेवटी एकेक पान मिऱ्याएवढी गोळी होऊन बसतं. या सगळ्यात दुधाचा थेंब नाही. दूध आहे ते झाडाच्या जातीतच.

आणि ही जात आपोआप उगवलेली नाही. तैवानमध्ये यांगमेइला जपानी अमदानीत, १९०३ साली सुरू झालेलं एक चहा संशोधन केंद्र आहे. तिथे संकर करून, रोपं लावून, वर्षानुवर्षं निवडत निवडत एक रोप पुढे आलं, त्याचा नंबर २०२७. १९८१ साली ते 'ताय-चा १२' म्हणून जाहीर झालं. त्यामागचा मुख्य माणूस म्हणजे वू चन-त्वो, तैवानी चहाचे जनक म्हणून ज्यांना मान देतात ते. त्यांनी या चहाला जिन श्वेन हे नाव दिलं ते आपल्या आजीच्या नावावरून. त्याच वर्षी आलेल्या १३ नंबरला आईचं नाव दिलं, त्स्वेय यू. श्वेन म्हणजे डे-लिलीचं फूल, आणि चिनी परंपरेत ते फूल आईचं प्रतीक. शेतकरी मात्र अजूनही नंबरच घेतात, 'सत्तावीस'. आपल्याकडे नाही का शेतकरी ज्वारीची 'पस्तीस-एक' म्हणतात, तसं.

एका माणसाने आजीच्या नावाने ठेवलेली चीज. तिच्यावर कस्टर्डचा वास मारून वर खोटी गोष्ट चिकटवायची. मला राग येतो तो इथे.

आता तुमच्यातले काही म्हणतील (आमचा धाकटा चुलतभाऊ तर म्हणालाच आहे), एवढं काय त्यात? आपण चहात वेलदोडा घालतो, आलं घालतो, गवती चहा घालतो. वास घातला तर बिघडलं कुठे? अरे बाबा, घाल की. चीनमध्ये चहावर मोगऱ्याची फुलं रात्रभर पसरून चहा सुगंधी करतात, आणि तो सुंदर लागतो. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट घालतात. मला त्याबद्दल तक्रार नाही, कारण मोगऱ्याचा चहा स्वतःला मोगऱ्याचाच चहा म्हणवतो. आपल्याकडे तर चहात बाहेरून वास घातला असेल तर पाकिटावर 'फ्लेवर्ड टी' असं छापणं कायद्यानेच भाग आहे. छापावं आणि खुशाल विकावं. ज्याला कस्टर्ड आवडतं त्याने प्यावं, मीही कधी पिईन. पण केशराचं इसेन्स घातलेल्या पेढ्याला कुणी 'काश्मिरी केशराचा' म्हणून विकलं तर आपण दुकानदाराला सोडतो का? दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरला की आपली केवढी आग होते! हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भांडणातून. मग त्या मिंगज्यानच्या मामांच्या वतीने थोडी आग मी केली तर चालायला हवं.

शिवाय नुकसान फक्त पैशाचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. खोटा वास नाक बिघडवतो. तो आपल्याला शिकवतो की दुधाळ म्हणजे *असं*, एवढं जोरात. मग खरा समोर आला की तो आपल्याला मुका वाटतो.

हे मी बाबांवर घडताना पाहिलं. मे महिन्यात मी मामांकडचं पाव किलो जिन श्वेन घेऊन घरी आले. बाबांनी वास घेतला, पिशवी पुन्हा जवळ नेली, पुन्हा घेतला. "याला वासच नाही गं. तो निळा डबा संपला का?" दोन महिने हेच. फोन केला की, "तो निळा डबा मिळाला तर बघ." मीच आणलेला, मीच 'नैसर्गिक' म्हणून शपथ घेतलेला. कुठल्या तोंडाने सांगणार? सांगितलं शेवटी. ते म्हणाले, "खोटा असेल, पण बरा होता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या बाजूचाही समाचार घेते, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांच्या पक्षात आहे. चहातले जे पोचलेले लोक असतात, त्यांना जिन श्वेन म्हणजे बिगरीतला चहा वाटतो. खरा ऊलाँग म्हणजे छिंगशिन जातीचा, तोही हजार मीटरच्या वरचा, बाकी सगळं पर्यटकांसाठी. शिन्चूत असे दोन सहकारी होते. छिंगशिन मी प्यायले आहे, तो अप्रतिम असतो, वाद नाही. पण जिन श्वेनला जास्त पीक येतं, झाड दणकट आहे, यंत्राने कापता येतं, म्हणून तो स्वस्त पडतो, आणि स्वस्त म्हणून हलका, हे कुठलं गणित? शेतकऱ्याला परवडावं म्हणूनच तर ती जात निवडली. आंबेमोहोराचा भात आवडतो म्हणून इंद्रायणी खाणाऱ्याला कुणी अडाणी ठरवत नाही. (पुण्यात ठरवतातही म्हणा.) आणि दुधाचं म्हणाल तर त्याच तैवानने जगाला साबुदाण्याच्या मोठ्या भावंडांचा बबल टी दिला, त्यात दूधही असतं आणि साखरेचा पूर असतो. ते लोक ढोंग करत नाहीत, आपण तरी कशाला करा.

तर बाबा. त्यांनी आधी काय केलं माहितीये? पातेल्यात पाणी, आलं, साखर, आणि त्यात जिन श्वेन टाकून चांगलं दहा मिनिटं उकळलं. मग म्हणाले कडू लागतो. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी अक्षरशः कपाळाला हात लावला. पुढच्या सुट्टीत आल्यावर शिकवायला बसले, ती रीत इथे देते, कारण तुमच्यापैकी तिघांनी विचारली होती.

पाणी वेगळं उकळायचं. उकळी आली की गॅस बंद, मिनिटभर थांबायचं. चिनी मातीची लहान किटली असेल तर उत्तम, नसेल तर झाकणाचा मग चालतो, स्टीलचं भांडं शक्यतो नको. दीडशे मिली पाण्याला पाच ग्रॅम गोळ्या. चमच्याने मोजू नका, फसाल, गोळ्या जड असतात. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचं, कोरडं करून त्यात गोळ्या टाकायच्या आणि झाकण लावून क्षणभर ठेवायचं. मग झाकण उघडून वास घ्यायचा. खरा वास पहिल्यांदा इथे भेटतो, कोरड्या पानात नाही. पहिलं पाणी पन्नास सेकंद, आणि सगळा चहा गाळून घ्यायचा, थेंबही मागे ठेवायचा नाही. दुसरं पाणी थोडं कमी वेळ, कारण आता पानं उमललेली असतात. तिसऱ्यापासून दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत जायचं. पाच-सहा वेळा सहज होतं. टँकरचं जड पाणी असेल तर मात्र सगळी मेहनत वाया, फिल्टरचं घ्या. उन्हाळ्यात याच गोळ्या लिटरभर थंड पाण्यात दहा ग्रॅम टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या तरी सुरेख लागतात. साखर? बाबा पहिले सहा महिने घालत होते, मी काही बोलले नाही.

खरा-खोटा ओळखायचा तो असा. कोरड्या पानाचाच वास अंगावर आला तर संशय घ्या. तिसऱ्या पाण्याला चव कोसळली तर खात्रीच करा. खऱ्याचा वास हळू असतो, फुलांच्या मागे उभा असल्यासारखा, आणि दूध म्हणजे पेढा नव्हे, दूध तापवून ओतून घेतल्यावर रिकाम्या पातेल्याला जो येतो तो. काही वेळा तर तेवढाही येत नाही. हंगाम, हवा, भाजणं यावर ते अवलंबून असतं, जास्त भाजला की दूध जातं आणि खमंगपणा येतो. नेहमी हमखास मिळतो तो जिभेवरचा गुळगुळीतपणा, साय नाही, पण साय गेल्यानंतरचं काहीतरी. शेवटी भिजलेली पानं उलगडून बघा. जिन श्वेनचं पान जाड, रुंद, अंड्याच्या आकाराचं असतं. तैवानबाहेरचा आहे म्हणून खोटा असंही समजू नका. उत्तर थायलंडमध्ये मे सालोंगला हीच जात लावली आहे आणि तो चांगला असतो.

बाबांना हे ओळखायला मी शिकवलं नाही, त्यांना ते कपाने शिकवलं. चार पाणी झाल्यावर कप तसाच ठेवून ते पेपर वाचत बसले होते. अर्ध्या तासाने विसळायला उचलला आणि सवयीने आत डोकावले. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, रिकाम्या कपाला दुधाचा वास येतोय!" तैवानात यासाठी खास उभा, अरुंद पेला असतो, चहा ओतून टाकून फक्त वास घ्यायचा. बाबांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आई म्हणाली, "मग धुऊ नका, ठेवा तसाच." संध्याकाळपर्यंत कप टेबलावर होता.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. पाचच्या सुमारास थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि खिशात गोळ्यांची पुडी घेऊन अमृततुल्यपाशी जातात. मालक त्यांना एक रिकामा कप आणि गाळणी देतो, त्याचे पैसे घेत नाही. मित्र त्याला "जोशीबुवांचं औषध" म्हणतात. एकाने चव घेतली आणि म्हणाला, यात दूध घातलं तर बरा लागेल.

तर, निळ्या डब्याची नुकसानभरपाई. ज्या आठ घरांत मी तो २०१६ साली वाटला, त्या प्रत्येकाला या दिवाळीला पन्नास ग्रॅम खरं जिन श्वेन. ऑफिसातली ती मैत्रीण नोव्हेंबरात येते आहे, तिच्या मामांनी वसंतातलं राखून ठेवलंय. डबा परत आणून द्यायची गरज नाही. आत्याने तिच्यात हिंग ठेवलाय, तो आता दुसऱ्या कशाला वापरता येणार नाही हे मला कळतंय. नाशिकच्या काकूंचा पत्ता बदललाय, तो कुणीतरी आईला कळवा.